रेडिओ भटपुरा

मंगळवारी रात्री नऊला रामबागेत
भांड्यांचे आवाज थांबत.
पागनिसांचा टीव्ही मोठा, रंगीतसुद्धा,
पण आमच्याकडे बाबा होते,
मालवा हाऊसमधले ड्यूटी ऑफिसर,
म्हणून अख्खी गल्ली आमच्या सतरंजीवर,
जशी मॅच बघावी पंचाच्या मांडीला मांडी लावून.

बाबा बोटही पंचासारखंच वर करत.
"लाल दिवा लागलेला असताना दार उघडतं का कधी?"
"फेडर असा ओढतात? तो काय नळ आहे?"
"आणि सात सेकंद शांतता! सात!
मेमो आला असता."
मग फोन वाजला म्हणून त्रिपाठीजी टेबलाखाली लपत
आणि बाबांचा चष्मा हसून हसून
पोटावर घरंगळे.

काय माणसं होती त्या स्टेशनात.
शेतीवाले चौबे,
गहू आणि जव पोत्यावरची अक्षरं वाचून ओळखणारे.
मिस सक्सेना, ज्यांना बातम्यांत
पुराच्या आकड्यापाशी हमखास उचकी.
आणि बेनीमास्टर, आवाजांचे कारागीर.
करवंट्यांचा घोडा. सुपात मसूर हलवून पाऊस.
"और मोहब्बत?" कुणीतरी विचारलं एकदा.
बेनीमास्टर गप्प.
मग सावकाश स्टुलावरून उठले,
स्टूल करकरलं.
"बस, यही."

दुसऱ्या दिवशी मी आणि श्रीरंग सूप पळवायचो.
मसूर घरभर.
आई म्हणे, "पाऊस पाडून राहिलात, वेचणार कोण?"

दर बुधवारी बाबांचं पत्र दिल्लीला,
चुका एक ते नऊ, मुद्देसूद.
एकदा पोस्टकार्ड आलं:
"आप तो घर के आदमी निकले.
कोई क़िस्सा हो तो भेजिए."
त्यांनी पाठवला की नाही, विचारलं नाही कुणी.
त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा
बराच वेळ होता, एवढं खरं.

मग तो भाग. दुधीचा.
माइक चालू राहतो आणि वर्माजी डबा उघडून म्हणतात,
"फिर लौकी! इस शहर में
कोई भिंडी नहीं बनाता, भगवान?"
सकाळी फाटकापाशी चाळीस डबे.
चाळीसच्या चाळीस भेंडी.
गल्ली लोळली. पागनीस काकूंना ठसका.
बाबांचं बोट मात्र खालीच.
शाळेत नाव पुकारल्यासारखे
भिंतीकडे बघत बसलेले.
आणि आई कणीक मळायला उठली,
सगळ्यांची जेवणं झाली होती तरी.

आता बाबा नाहीत.
त्या टेपाही नाहीत. पुसल्या म्हणे,
त्यांच्यावर कुठलीशी परेड भरली.
श्रीरंगला फोनवर सापडलं ते अर्धं शीर्षकगीत,
मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
म्हणून दिवाळीला आम्हीच करतो तो भाग.
श्रीरंग वर्माजी, मी चौकीदार.
पोरं हसतात, पण आमच्याकडे बघून.
"चालीस डब्बे, साब! चालीस!"

यंदा आई पलंगावरून म्हणाली,
"एकच होता."
काय एकच?
"डबा. पितळी, दोन पुडांचा.
फाटकावर ठेवला आणि पळाले, नाव नव्हतं घातलं.
आणि भेंडी कुठली, भेंडी महाग होती त्या आठवड्यात.
दोडका होता.
परत द्यायला शोधत शोधत आले,
मग पुन्हा आले.
तिसऱ्यांदा आले तेव्हा डबा घरीच विसरले होते."

श्रीरंगच्या हातात ताट तसंच.
पाच, सहा, सात,
आठ.
मग कुशीवर वळताना
तिचा पलंग करकरला.